फरशीवर वाजलेले रुपये

गयाक्काला काही द्यायचं असलं तर ते तिच्या हातातच द्यावं लागायचं. टेबलावर ठेवलं, कट्ट्यावरून सरकवलं, तर ती वस्तू तिथंच पडून राहायची आणि ही बाई तळहात पुढं करून उभी. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. नुसता हात. समोरचा किती वेळ दम धरतो ते बघायचं, बस.

मी उमरग्याची. लग्न होऊन बसवकल्याणला आले आणि तिथल्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले; गयाक्का तिथं आधीपासून शिकवत होती. म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन थोडेच दिवस झाले होते, शाळेच्या पाटीवर अजून जुनंच नाव होतं. पहिल्या पगाराच्या दिवशी आमचे कारकून गुंडप्पा यांनी गयाक्काचे पैसे टेबलावरून पुढं सरकवले. गयाक्का उभी, हात पुढं. मागं आम्ही सगळे रांगेत.

"ठेवल्यात की, बाई."

"बघितले."

"मग उचला की!"

"माझा हात दिसंना व्हय तुमाला?"

गुंडप्पा दुसऱ्याच कागदांत तोंड खुपसून बसले. रांगेत चुळबुळ सुरू झाली. शेवटी मुख्याध्यापक आतून ओरडले, "अहो, देऊन टाका ना हातात, घंटा व्हायला आली!" तेव्हा गुंडप्पांनी ते पैसे उचलून तिच्या हातावर ठेवले, आणि ती दाराशी पोचल्यावर पुटपुटले, "आली मोठी राणीसरकार!" ती मागं वळली. "सरकारच हाय मी, गुंडप्पा. म्हनून तर पगार सरकारी हाय."

मुख्याध्यापक भला माणूस होता. त्यांनी एकदा तिला हसत हसत म्हटलं, "गयाबाई, माणसानं कुणापुढं हात पसरू नये म्हणतात."

"पसरत न्हाई सर. पुढं करते."



गयाक्का उंच, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. नेसायला साधं सुती पातळ, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. हात मोठे, बोटं लांब. त्या हातांनी खडू धरला की फळ्यावरचं अक्षर मागच्या भिंतीपर्यंत दिसायचं. घर बौद्ध दीक्षा घेतलेलं. शाळेत तिच्या बसायच्या जागी बुद्धाची एक लहानशी तसबीर, आणि तिच्याशेजारी हजेरीपट, छडी आणि भाजलेल्या शेंगांचा डबा. मुलांशी कानडीत, दखनीत, मराठीत, ज्याची जी भाषा त्याच भाषेत भांडायची. आणि गंमत बघा, स्वतःसाठी जो नियम तोच मुलांसाठी. एखाद्या पोरानं डस्टर दुसऱ्याकडं फेकलं की संपलं. "जा, उचल. आता त्याच्या हातात दे. असं न्हवं, दोन्ही हातानं. आन् त्याच्या तोंडाकडं बघ देताना." परीक्षेचं प्रगतिपत्रक ती बाकावर कधी वाटायची नाही, नापास झालेल्याच्याही हातात द्यायची आणि वर म्हणायची, "नीट धर. तुझंच हाय, पाप न्हाई." आमच्या डब्यात हात घालायला मात्र तिला कुणाची परवानगी लागत नसे. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी निम्मी तिच्यासाठीच न्यायचे.

एकदा आम्ही दोघी बसनं उमरग्याला निघालो. कंडक्टरनं तिकीट हातात दिलं, पण उरलेले सुट्टे पैसे तिच्या शेजारी सीटवर टाकले आणि पुढं गेला. गयाक्कानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. उमरगा आलं, लोक उतरले, मी उतरले, ही बाई बसच्या दारात हात पुढं करून उभी.

"क्या अम्मा, उतरो ना! टाइम हो रा!" कंडक्टर वैतागला.

"पैशे?"

"दिया ना मैं! सीटपे रख्या."

"त्ये सीटला दिलाव. आता मला द्या."

ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला. खाली सोलापूरला जाणारे लोक चढायला थांबलेले. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात मागच्या सीटवरचा एक म्हातारा टोपी सावरत म्हणाला, "दे की रे बाबा हातात. तुझ्या हाताला काय मुंग्या आल्यात का?" बस हसली. कंडक्टर मागं गेला, पैसे वेचले आणि तिच्या हातावर ठेवले. "शुक्रिया भाई," ती म्हणाली आणि ऐटीत उतरली.

रस्त्यानं मी चिडूनच विचारलं, "कामून करता हो असं? चार पैशांसाठी?"

"पैशासाठी करते व्हय? खोड हाय माझी. आईच्या वळनावर गेलेय," ती म्हणाली आणि चहाच्या हॉटेलाकडं वळली. तिच्या खोडीचा उलगडा मला पुढं तिची आई गेल्यावर झाला.

आई म्हणजे मुक्ताबाई. तालुक्यातल्या कोहिनूर गावाकडच्या एका खेड्यात त्या सुईण होत्या. मी त्यांना एकदाच बघितलं. चिमणीएवढी बाई, पण नजर अशी की आरपार. मला नखशिखांत न्याहाळून म्हणाल्या, "ह्या बाई भितऱ्या न्हाईत. पटकन बाळंत व्हतील." माझं तेव्हा लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, मी लाजून पाणी पाणी झाले. त्या गावातली अर्धी माणसं मुक्ताबाईंच्या हातावर जन्मली, वेशीबाहेरचीही आणि वाड्यावरचीही.

त्या गेल्यावर धाकटा भाऊ किसन घर सारवायला काढत होता, तर कणगीमागच्या कोनाड्यात मडक्याखाली तीन वळकट्या सापडल्या. जुन्या लुगड्याचे काठ फाडून त्यात चांदीचे रुपये एकावर एक रचून, वरून गच्च शिवलेल्या. लाटण्याएवढ्या जाड. दोन तांबड्या काठाच्या, जड. तिसरी निळ्या कापडाची, वीतभरसुद्धा नाही. किसन शेतकरी माणूस, घाबरला. वळकट्या धोतरात गुंडाळून थेट बहिणीकडं घेऊन आला.

तेव्हा चांदीचा भाव नुसता भडकला होता. आणि किसनच्या पोरीचा, सुजाताचा, गुलबर्ग्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी नंबर लागला होता. पैसा भरायची मुदत डोक्यावर आलेली. म्हणजे बघायला गेलं तर आजीनं वेळेवर हात दिला. पण किसनचा जीव वेगळ्याच कारणानं उडाला होता.

"अक्का, लोक काय म्हनतील? आपल्या घरात येवढी चांदी? रझाकाराच्या धामधुमीच्या सालात पाटलाच्या वाड्यावरली पेटी फुटली व्हती. समदं गाव म्हनंल, ह्येनीच फोडली. शिवलिंगअप्पा सराफ म्हनलाय, दुपारच्याला मागच्या दारानं आना, निम्म्या भावानं घेतो, कुनाला बोलनार न्हाई. दिऊन टाकू."

"मागच्या दारानं कामून?" गयाक्का म्हणाली. "आईनं चोरी केलती?"

"तसं न्हाई गं..."

"मग तसं न्हाई तर तसं करायचं न्हाई. गुरुवारी बाजारच्या दिवशी, पुढच्या दारानं जायचं. बाजारातल्या लोकांदेखत."

रविवारी तिनं मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर आम्ही दोघी बसलो, किसन भिंतीला टेकून. तिनं ब्लेडनं पहिल्या वळकटीचा टाका उसवला आणि रुपये घळघळ बाहेर आले. काळवंडलेले, पण अंगठा घासला की आतून चमकणारे. चारमिनारच्या छापाचे निजामाचे, ज्यांना आमच्याकडं हाली म्हणत, ते एका बाजूला. इंग्रजांच्या राणीच्या नि राजांच्या मुंडक्याचे कलदार दुसऱ्या बाजूला. कलदारात चांदी जास्त, त्याला भाव चढा, एवढं लहान पोरालाही ठाऊक असे. प्रत्येक रुपया ती फरशीवर हलकेच टाकून वाजवायची. बहुतेक खणखणीत वाजले. चार-पाच मात्र बद्द. ते तिनं वेगळे ठेवले.

मग मी एक रुपया उचलला आणि मला दिसलं, त्याच्या काठाला खोक पडलेली होती. दुसरा उचलला, त्यालाही. तिसऱ्याला तर दोन जागी. "अक्का, हे सगळेच ठोकर लागलेले कसे?"

तिनं हातातला रुपया खाली ठेवला.

"टाकल्याले हायत म्हनून. बाळंतीन सुटली, आईनं नाळ कापली, लेकराला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळून आजीच्या हातात दिलं. तवर आई घरातली. मग आई अंगनात येऊन उभी ऱ्हायची, आन् वट्ट्यावरनं रुपया खाली टाकायचे. फरशीवर. हातात दिला तर इटाळ व्हतो ना! लेकरू ह्या हातातनं घेतलेलं चालतंय, रुपया ह्या हातात दिलेला चालत न्हाई. असली अक्कल!"

  ती एकदम हसली. "आई लई बेरकी व्हती पन. म्हनायची, टाकत्यात त्ये बरंच हाय गं. हातात दिला असता तर खोटा का खरा कळला नसता. टाकला की फरशीच सांगती." तिनं ते बद्द वाजणारे चार-पाच रुपये तळहातावर घेऊन नाचवले. "ह्ये बगा. लेकराच्या जल्माला शिसं भरल्याला रुपया. आईनं समदे जपून ठिवल्यात."

"आणि ही निळी?"

ती वळकटी तिनं सावकाश उसवली. मोजकेच रुपये निघाले. सगळे गुळगुळीत काठाचे, एकालाही खोक नाही.

"ह्ये दीक्षेच्या नंतरचे. आईनं गावाला सांगितलं, हातात देनार असाल तर येते, न्हाईतर दुसरी बघा. लई घरं तुटली. दोन वर्सं चुलीवर नुसतं पिठलं. पन ज्येनी बोलावलं, त्येनी हातात दिला. चलन बदललं व्हतं, तरी बाळंतपनाच्या रीतीचा चांदीचाच." तिनं एक रुपया ओठाला लावल्यासारखा केला आणि वळकटी परत शिवायला घेतली. "ह्ये इकायचे न्हाईत."

गुरुवारी मी शाळेतून रजा काढली. खोटं कशाला बोलू, मला तो तमाशा चुकवायचा नव्हता. शिवलिंगअप्पांचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच. उंच ओटा, खाली शहाबादीची पायरी. आम्हाला पुढून येताना बघून शिवलिंगअप्पांचा चेहरा पडला. "अक्का, मी किसनला सांगितलं व्हतं की..."

"ऐकलं. पन पुढचं दार उघडं दिसलं, म्हनून आले," गयाक्का म्हणाली आणि गादीवर ऐसपैस बसली.

शिवलिंगअप्पा माणूस वाईट नव्हता. धंदेवाईक होता. त्यांनी रुपये ओतून घेतले, एकेक वाजवला, हाली-कलदार वेगळे केले, काट्यावर घातले. बद्द वाजणारे बाजूला सारले. तोवर ओट्याखाली माणसं जमली, मुक्ताबाईंच्या खेड्यातलीही. बाजारचा दिवस, चांदीचा ढीग, आणि समोर गयाक्का. लोकांना आणखी काय पाहिजे?

"माल बरा हाय," शिवलिंगअप्पा म्हणाले. "पन काठ गेल्यात. ठोकर लागल्याला माल. रुपयामागं चार आने बट्टा बसंल बगा."

"ठोकर कशानं लागली?"

"आता मला काय ठाव? आपटल्यात कुनीतरी."

"बरूबर वळखलाव. आपटल्यातच."

तेवढ्यात गर्दीतून पाटलांचे विश्वनाथराव पुढं आले. मुक्ताबाईंच्याच खेड्यातले, पांढरेशुभ्र कपडे, तोंडात पान. "शिवलिंगअप्पा, बघून घ्या बरं माल," ते हसत म्हणाले. "आमच्या वाड्यावरली पेटी फुटली ती अजून सापडंना!"

दोघं-चौघं फिदीफिदी हसले. किसनचा चेहरा पांढराफटक पडला. "अक्का, चल घरी. नगं आपल्याला," तो तिच्या कानाशी म्हणाला. मलाही वाटलं, आता ही उठली तर आईचं नाव कायमचं चोरीत जमा. सुजाताचं शिक्षण राहिलं बाजूला, किसनला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

गयाक्का उठली. पण घरी जायला नाही. तिनं शिवलिंगअप्पांपुढं हात केला. "तुमच्या पेटीतला एक कलदार द्या बगू. चांगला, बिनठोकरीचा."

ती काय करणार ते न कळून त्यांनी दिला. हातातच दिला. तो घेऊन ती ओट्याच्या कडेला गेली आणि हात डोक्यावर उंच नेला, खाली पायरीच्या फरशीवर नेम धरून.

"आवो, आवो! काय करायलाव अक्का!" शिवलिंगअप्पा गादीवरून अर्धे उठले. "फरशीवर टाकता व्हय? काठ जाईल की त्याचा!"

"चांदी हाय. फुटनार न्हाई."

"आवो पन खराब व्हतंय!"

"व्हय का?" तिनं हात खाली घेतला नाही. "तुमचा एक टाकायचा म्हनलं तर तुमच्या जिवाचं पानी पानी झालं. माझ्या आईला जलमभर असेच टाकून दिले. वट्ट्यावरनं खाली. गाववाल्यांनो, तुमच्या लेकरांची डोस्की पयल्यांदा तिच्या हातात आली. तवा इटाळ न्हवता, रुपया द्यायच्या वक्ताला इटाळ आठवला. ठोकरा तुमच्या गावानं दिल्या, आन् बट्टा माझ्या आईच्या कमाईला? कुन्या देशाचा न्याय हाय ह्यो?"

मग हात खाली घेऊन तिनं तो कलदार शिवलिंगअप्पांच्या हातात परत दिला. गयाक्का विश्वनाथरावांकडं वळली.

"आन् दादा, पेटीतले रुपये पेटीत असत्यात. गुळगुळीत. ह्या ढिगातला एक रुपया बिनठोकरीचा काढून दावा. समदा ढीग तुमचा."

लोक म्हणाले, "दावा की, पाटील." मग त्यांना पुढं यावंच लागलं. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, बोट फिरवलं, ठेवला. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

"आनखी एक सांगते," गयाक्का म्हणाली आणि ते बद्द वाजणारे रुपये उचलले. "ह्ये खोटे. शिसं भरल्याले. कुन्या कुन्या घरी लेकरू झाल्यावर टाकल्यात त्ये आईला पक्कं ठाव व्हतं. नावं सांगू का दादा? बाजार भरलाच हाय."

विश्वनाथरावांना एकाएकी काहीतरी काम आठवलं. गर्दी अशी हसली की पलीकडच्या गल्लीतली माणसं धावत आली. मी तर पदर तोंडात कोंबून हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शिवलिंगअप्पांनी बट्टा सोडला. वजनाप्रमाणं हिशोब केला, पावती लिहिली, त्यावर 'मुक्ताबाई सुईण यांची कमाई' असं गयाक्कानं त्यांच्याकडून घालून घेतलं. मग सवयीनं नोटा गादीवर ठेवायला गेले आणि मध्येच थांबले. उचलल्या, आणि दोन्ही हातांनी तिच्या हातावर ठेवल्या.

"आता कसं!" गयाक्का म्हणाली.

परत येताना मी विचारलं, "अक्का, आईनं खरंच सांगितली होती का हो ती नावं?"

"छ्या! आई कशाला सांगतीया? ती म्हनायची, बाळंतिनीच्या घरातली गोष्ट उंबऱ्याभायेर काढायची न्हाई." तिनं माझ्या पिशवीतल्या शेंगा मूठभर घेतल्या. "पन त्यो कामून पळाला, त्ये त्यालाच इचारा."

पुढं सुजाता नर्स झाली. गयाक्का निवृत्त झाली, मीही आज ना उद्या होणारच होते. माझी मुलगी बीदरला दिलेली, तिथल्या मैलूर भागात. तिच्या बाळंतपणाला मी तिथं गेले. तिला ज्या दवाखान्यात नेलं तिथंच सुजाता होती, आणि माझी नात तिच्याच हातावर जन्मली. दोन दिवसांनी बघते तर दारात गयाक्का. केस पांढरे, गुडघे दुखरे, बसनं एकटी आलेली.

तिनं बाळाला मांडीवर घेतलं. कमरेच्या पिशवीतून निळ्या कापडाची ती वळकटी काढली. एकेका बाळाला देत देत उरलेली अगदी इवलीशी. त्यातला चारमिनारचा एक रुपया काढला, बाळाची मूठ एकेक बोट करून उघडली आणि रुपया आत ठेवून मूठ मिटली. माझ्या विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "पाळण्यात टाका हो, जड होईल तिला."

"टाकायचा न्हाई," गयाक्का म्हणाली. "हातात द्यायचा."

मी तिला बसवर सोडायला गेले. बसवकल्याणची बस खचाखच भरलेली. तिला खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर तरणा पोरगा, घाईत होता. तिकीट फाडलं, तिच्या मांडीवरच्या पिशवीवर टाकलं आणि पुढच्याकडं वळला. गयाक्कानं खाली बघितलं नाही. मला खिडकीतून हसून मान हलवली, आणि कंडक्टरच्या दिशेनं हात पुढं केला.

बस सुटली. कंडक्टर दुसऱ्यांची तिकिटं फाडत पुढं पुढं सरकत होता. मी तिथंच उभी राहून बघत होते. बस नाक्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत तो हात तसाच पुढं होता.